पाऊस उघडल्यावर गळाला काय लावावे?

आषाढातला रविवार होता. तीन दिवस कोसळून पाऊस सकाळी जरा उघडला होता. आम्ही ओट्यावर पेपर वाचत बसलो होतो, तोच शेजारचे दादा आले. जयभीम करून बसले, पण चहाचा कप पुढे ठेवला तरी त्याला हात लावीनात. त्यांच्या काखेत प्लॅस्टिकचा एक डबा होता. तो उघडून त्यांनी आमच्यापुढे ठेवला. आत कप्पे पाडलेले आणि प्रत्येक कप्प्यात एक खोटा मासा. कुणी चंदेरी, कुणी पोपटी, कुणी नारिंगी पोटाचा. मोजले तर चौदा निघाले.

"बघा भाऊ, पोराचा पराक्रम," दादा म्हणाले. "पहिला पगार हातात आला आणि सव्वीसशे रुपये या खेळण्यांत घातले. धाकटीच्या क्लासची फी तशीच राहिली. मी बोललो तर दोन दिवस घरात जेवला नाही."

आमची वसाहत उरण तालुक्यात, खाडीपासून पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे. दादांनी उभी हयात मुंबईच्या गोदीत ओझी वाहिली. मुलगा कंटेनर यार्डात कंत्राटावर लागलेला. आम्ही पडलो ऑफिसातले कारकून, पण समाजकार्याची सवय असल्यामुळे वसाहतीतल्या अशा तक्रारी आमच्या ओट्यावर येतात. आम्ही मुलाला बोलावले. तो मान खाली घालून एवढेच म्हणाला, "काका, धक्क्यावर जातो म्हणून संध्याकाळी मी दुसरीकडे कुठे जात नाही. बाकीची पोरं कुठे बसतात ते तुम्हाला माहीत आहे."

ते आम्हाला माहीत होते. म्हणून 'डबा दुकानात परत करून ये' हे ओठावर आलेले वाक्य आम्ही गिळले. सव्वीसशे रुपयांपेक्षा मोठा तोटा होण्याची भीती होती. निवाडा देण्याआधी आम्ही एक अट घातली. पुढच्या रविवारी बापलेकांनी दोघांनीही आमच्याबरोबर धक्क्यावर यायचे आणि या चौदांपैकी उपयोगाचे किती, हे पाण्यालाच विचारायचे.

त्या रविवारी जे शिकायला मिळाले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. आपल्या अनेक घरांतील तरुण पावसाळ्यात गळ घेऊन खाडीवर जातात. त्यांचा पैसा वाचावा आणि त्यांचा जीवही सांभाळला जावा, हा यामागचा हेतू.

धक्क्याखालचा पाहुणा

या खोट्या माशांना इंग्रजीवरून 'लुअर' म्हणतात. मुलाने ते घेतले होते जिताड्यासाठी. जिताडा रायगडात कोणाला सांगायला नको. पेण, अलिबाग, उरण भागातले शेतकरी त्याची पिल्ले खाडीतून आणून तळ्यात वाढवतात. बंगालमध्ये त्याला भेटकी म्हणतात, ऑस्ट्रेलियात बॅरामंडी आणि इंग्रजी पुस्तकांत एशियन सीबास. इराणच्या आखातापासून उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत तो आढळतो. खारे पाणी, मचूळ पाणी, गोडे पाणी, तिन्ही त्याला चालतात. म्हणूनच मुसळधार पावसानंतर काही मासे खाडी सोडून खोल समुद्राकडे सरकले तरी जिताडा मागे राहतो.

तो भक्ष्याच्या मागे मैलभर धावणारा मासा नाही. दबा धरून बसणारा आहे. धक्क्याचे खांब त्याला सोयीचे पडतात. खांबाला कालवे आणि शेवाळ धरते, त्यावर कोळंबी आणि बारीक मासे जगतात. खांबाच्या आड पाण्याचा जोर कमी असतो, सावली असते. तिथे प्रवाहाकडे तोंड करून जिताडा उभा राहतो. भक्ष्य जवळून गेले की एवढा मोठा जबडा एकदम उघडतो आणि पाण्यासकट ते आत ओढतो. रात्री धक्क्यावर 'टप्प' असा जो आवाज येतो, तो बहुधा त्याचाच.

पाऊस पाण्याचे काय करतो?

धक्क्यावर पोचताच मुलगा डबा उघडून बसला. दादांनी डब्याकडे पाहिलेही नाही. ते कठड्याला टेकून दहा मिनिटे नुसते पाणी बघत राहिले. गोदीत असताना ते जेवणाच्या सुट्टीत हातदोरीने मासे धरीत, हे आम्हाला त्या दिवशी प्रथम कळले.

"ओहोटी लागली आहे," दादा म्हणाले. "आणि ती उघाडी बघ. शेतातलं पाणी तिथून बाहेर पडतंय. कोळंबी त्याच्याबरोबर येणार. मासा तिथे तोंड करून असणार."

खारभूमीच्या बांधाला पाणी सोडण्यासाठी जी दारे असतात त्यांना आपल्याकडे उघाडी म्हणतात. पावसाचे पाणी शेतात साचते, भरतीच्या वेळी दारे मिटतात आणि ओहोटीला उघडली की लोंढा खाडीत येतो. लोंढ्याबरोबर किडे, कोळंबी, बारीक मासे वाहत येतात. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी भरती साडेचार-पाच मीटरपर्यंत चढते. तेवढे पाणी सहा तासांत उतरताना खाडीला नदीसारखी ओढ लागते. पावसानंतर गळ टाकायला ओहोटीचा पहिला भाग बरा, असे दादांचे मत पडले. पुढे ते खरे ठरले.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असते. मोठा पाऊस झाला की वरचा थर गोडा आणि गढूळ राहतो, खालचे पाणी खारे असते. खाऱ्या पाण्यातले बारीक मासे अशा वेळी खाली उतरतात आणि जिताडा त्यांच्यामागे जातो. दोनतीन दिवस उघडीप मिळाली की गाळ बसतो, थर मिसळतात आणि मासे पुन्हा वर येऊ लागतात.

तीन प्रश्न, मगच डबा

त्या दिवशीच्या अनुभवावरून आम्ही तीन प्रश्न काढले आहेत. त्यांची उत्तरे मिळाली की लुअर आपोआप ठरतो.

पहिला प्रश्न, पाणी किती गढूळ आहे? लुअर हातभर खोल सोडून बघावा. दिसत असेल तर पाणी बरे आहे. तेव्हा चंदेरी, पांढरा, खऱ्या माशासारखा लुअर लावावा. दिसेनासा झाला तर माशालाही तो दिसणार नाही. मात्र माशाच्या दोन्ही अंगांवर एक संवेदनशील रेषा असते. तिच्यामुळे पाण्यातली थरथर त्याला कळते. म्हणून गढूळ पाण्यात शेपटी जोरात हलवणारा, अंगाने जाड किंवा पोटात छर्रे खुळखुळणारा लुअर निवडावा आणि तो सावकाश ओढावा. रंग एक तर काळा-जांभळा, म्हणजे वरच्या उजेडासमोर त्याची सावली ठळक दिसते, नाही तर भडक पोपटी किंवा सोनेरी. मधले नाजूक रंग गढूळ पाण्यात वाया जातात. मुलाच्या डब्यात नेमके तेच सर्वांत जास्त होते. दुकानाच्या काचेत ते सुंदर दिसतात.

दुसरा प्रश्न, पाण्याला ओढ किती आहे? लुअरचे वजन यावर ठरते. हलका लुअर वरच्या वर वाहून जातो, जड असला तर चिखलात रुततो. तळाला हळूच टेकेल एवढेच वजन हवे. आमच्या धक्क्यावर दहा ग्रॅमचे शिसे त्या दिवशी बरोबर बसले, भर ओहोटीला पंधरा लागले. पाण्यावर 'पक् पक्' आवाज करीत येणारा फुगीर तोंडाचा लुअर, ज्याला पॉपर म्हणतात, तो अशा पाण्यात उपयोगाचा नाही. तो ठेवावा पाणी निवळल्यावर, पहाटेच्या शांत वेळेसाठी.

तिसरा प्रश्न पुस्तकांत फारसा नसतो, पण आपल्या खाडीत तो पहिला विचारावा लागेल. पाण्यात कचरा किती आहे? शहरातले नाले पावसात जे काही ओकतात ते सगळे धक्क्याच्या खांबांना येऊन अडकते. पिशव्या, दोऱ्या, चिंध्या, फाटकी जाळी. तीन काट्यांचे दोन गळ लोंबणारा महागडा लुअर तिथे टाकला की पहिल्याच फेकीत पिशवी वर येते. यात आम्ही स्वतः धडा घेतला. डब्यातला सर्वांत महाग, साडेचारशेचा मासा आम्ही मोठ्या ऐटीने मागून घेतला आणि तिसऱ्या फेकीला खांबाला अडकवून गमावला. बापलेक दोघेही काही बोलले नाहीत, पण दोघे एकमेकांकडे बघून हसले. पंधरा दिवसांतले ते त्यांचे पहिले हसू असावे.

कचऱ्याच्या पाण्यात एकाच काट्याचा रबरी मासा लावावा आणि काट्याचे टोक रबराच्या पाठीत लपवावे. मासा चावला की रबर दबते आणि टोक बाहेर येते. पिशवी मात्र त्यात सहसा अडकत नाही. असा रबरी मासा डब्यातल्या सर्वांत स्वस्त मालात होता.

जिवंत कोळंबी मिळत असताना खोट्या माशाचा खटाटोप कशाला, असे दादांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. पण पावसानंतर गढूळ पाण्यात शिंगाळे आणि चिंबोऱ्या आमिषावर तुटून पडतात. जिताड्यापर्यंत कोळंबी पोचतच नाही. शिवाय रबरी मासा दिवसभर पुरतो.

सव्वादहाच्या सुमारास मुलाने काळा रबरी मासा लावला. दादांनी बोटाने जागा दाखवली. उघाडीच्या बाजूचा तिसरा खांब, त्याच्या मागचे स्तब्ध पाणी. लुअर खांबापलीकडे पडला, बुडाला, तळाला टेकला. मुलाने तो दोनदा हळूच उचलला आणि तिसऱ्यांदा काठी वाकली. "ढिली सोडू नको! खांबापासून ओढ, खांबापासून!" दादा ओरडले. खांबावरच्या कालवांच्या धारेला दोरी लागली असती तर खेळ संपला होता. पाच मिनिटांनी जाळीत आला तो पंचावन्न सेंटीमीटरचा, पावणेदोन किलोचा जिताडा.

एक लुअर, दोन मित्र

परतताना आम्ही मुलाला दोन गोष्टी सांगितल्या.

अमेरिकेत गोड्या पाण्यातला 'बास' नावाचा मासा आहे. तोही असाच धक्क्यांखाली दबा धरून बसतो आणि त्याच्यासाठी तिथे लुअरचा अवाढव्य बाजार भरला आहे. पण त्या माशाचा विक्रम कोणी केला? जॉर्ज पेरी नावाच्या विशीतल्या एका गरीब शेतकऱ्याने. साल १९३२, महामंदीचा काळ, जॉर्जिया राज्य. २ जूनला पावसाने शेत इतके भिजले होते की काम करणे शक्य नव्हते. म्हणून तो मित्राबरोबर माँटगोमेरी तळ्यावर गेला. दोघांत मिळून एकच लुअर होता. आळीपाळीने टाकायचा. त्या एका लुअरला २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोंहून थोडा जास्त वजनाचा बास लागला. त्याने मासा तोलून घेतला, नोंद करविली आणि घरी नेला. घरच्यांनी तो शिजवून खाल्ला. या विक्रमाची बरोबरी व्हायला ७७ वर्षे लागली. २ जुलै २००९ रोजी जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी ती केली, आणि तीही खोट्या माशाने नव्हे, जिवंत आमिषाने.

दुसरी गोष्ट फिनलंडची. लाउरी रापाला हा तिथला गरीब मच्छीमार. तळ्यावर तो तासन्‌तास निरीक्षण करी. मोठा मासा थव्यातल्या नेमक्या कोणत्या लहान माशावर झेपावतो? जो किंचित लडखडत पोहतो त्याच्यावर, असे त्याला दिसले. १९३६ मध्ये त्याने जोडे करणाऱ्याच्या रापीने बूच कोरून तसाच लडखडणारा मासा तयार केला. वरून चॉकलेटच्या वेष्टनाची चांदी चिकटवली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा लेप दिला. आज रापाला हे नाव जगभरच्या दुकानांत झळकते.

हे ऐकून दादा म्हणाले, "आम्ही पण गोदीत गळाच्या दांडीला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायचो." मुलगा थबकला. बापाला हे माहीत आहे, हे त्याला माहीत नव्हते.

सांगण्याचा मुद्दा असा की, पेरी आणि रापाला यांच्याजवळ पैसा नव्हता. रापालाजवळ तासन्‌तास पाण्याकडे बघणारी नजर होती, आणि एकच लुअर असल्यामुळे पेरीला तो मन लावून टाकणे भाग होते. डबा दुकानात मिळतो. ही नजर घरातल्या वडीलधाऱ्यांकडून मिळू शकते, आणि तीही फुकट.

काही पथ्ये

पावसाळा हा जिताड्याच्या विणीचा काळ. तो खाडीच्या तोंडाशी अंडी घालतो. या माशाचे एक नवल आहे. तो आधी नर असतो आणि काही वर्षांनी त्यातले बरेच मादी होतात. म्हणजे फार मोठा जिताडा बहुधा मादी आणि तिच्या पोटात लाखो अंडी. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड राज्यात खाडी-समुद्रातला १२० सेंटीमीटरपेक्षा मोठा मासा ठेवू देत नाहीत, सोडून द्यावा लागतो. आपणही घरच्या ताटापुरता मध्यम मासा घ्यावा. पिल्लू आणि आजीबाई, दोघांना पाण्यात परत जाऊ द्यावे. मासा हाताळताना त्याच्या कल्ल्याच्या झाकणाजवळ बोट नेऊ नये, त्याची कडा पात्यासारखी कापते.

आकाशात गडगडाट असेल तर काठी खाली ठेवून आडोशाला जावे. हल्लीच्या काठ्या कार्बनच्या असतात, त्यातून वीज वाहते. शेवाळलेल्या पायऱ्यांवर उतरू नये. एकट्याने जाऊ नये. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात पाय घालू नये. उंदरांच्या मुतामुळे पसरणारा लेप्टोचा ताप अशाच पाण्यातून होतो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या तापाने किती घरे घाबरली होती, ते अनेकांना आठवत असेल. घरी येऊन ताप भरला तर अंगावर न काढता दवाखान्यात जावे आणि पाण्यात गेलो होतो हे डॉक्टरांना सांगावे. कारखान्याच्या नाल्याच्या तोंडाशी धरलेला मासा घरच्यांना खाऊ घालू नये.

हिशेब

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. हिशेब मांडल्याशिवाय आम्हाला झोप येत नाही. त्या रात्री आमच्या ओट्यावर जमाखर्च झाला. चौदा लुअरांपैकी एक आमच्या हातून गेला. त्याचे साडेचारशे आम्ही आमच्या नावे लिहून तिथेच चुकते केले. मुलगा नको म्हणत होता, पण हिशेब तो हिशेब. चार लुअर मुलाने ठेवले: दोन काळे-जांभळे रबरी, गढूळ पाण्यासाठी, एक चंदेरी, निवळल्या पाण्यासाठी, एक पॉपर, पहाटेसाठी. बाकीचे नऊ यार्डातल्या मित्रांनी वाटून तेराशेला घेतले. जमले साडेसतराशे. त्यातून पंधराशे रुपये क्लासची फी गेली आणि अडीचशे आईच्या हातात पडले.

मुलाने एक कबूल केले. पुढच्या पगाराला आधी घरचे, मग धक्क्याचे. दादांनीही एक कबूल केले. आता दर रविवारी ओहोटी धरून ते त्याच्याबरोबर जाणार. "काठी मला जमत नाही," ते म्हणाले, "मी पाणी बघतो, तो फेकेल."

पावणेदोन किलोचा मासा दोन घरांत वाटला गेला. दादांच्या घरी त्या रात्री चौघेही एका पंगतीला बसले, असे वहिनींनी दुसऱ्या दिवशी नळावर आमच्या घरी सांगितले.

पालक बंधू-भगिनींनो, आपल्या मुलाच्या हातात असा एखादा डबा दिसला तर तो हिसकावून घेण्याआधी एक रविवार त्याच्याबरोबर जाऊन बघा. आणि तरुण मित्रांनो, दुकानात शिरण्याआधी धक्क्यावर दहा मिनिटे नुसते उभे राहा. पाणी गढूळ किती, ओढ किती, कचरा किती, एवढे विचारा. तेवढ्यावर एक किंवा दोन लुअर ठरतील. तेवढे पुरे आहेत.